रकान्यातले शून्य

२०११च्या जनगणनेतील अनुसूचित जमातींचा तक्ता संगणकावर उघडला की पंजाब आणि चंडीगडच्या ओळींत शून्य दिसते. हरियाणा, दिल्ली आणि पुदुच्चेरीचेही तेच. महाराष्ट्राच्या ओळीत १ कोटी ५ लाखांहून मोठा आकडा आहे, राज्याच्या लोकसंख्येच्या ९.३५ टक्के, देशभरात १० कोटी ४३ लाख, म्हणजे ८.६ टक्के. चंडीगडच्या विमानतळालगत, मोहालीच्या हद्दीत वसलेल्या एयरोसिटीतल्या एखाद्या शाळेत आदिवासींचे हक्क शिकवायचे तर धडा या शून्यापासूनच सुरू करावा लागतो. अशा वसाहतीत वर्गात स्मार्ट बोर्ड असतो, इंटरनेट असते, घरोघरी मोबाइल असतात. ज्यांच्याविषयी शिकायचे ते मात्र सरकारी हिशेबाने राज्यात नाहीतच. भामरागड किंवा धडगाव तालुक्यातल्या दुर्गम पाड्यावर नेमके उलटे: माणसे समोर बाकावर बसलेली, आणि वीज व रेंज यांचा भरवसा नाही.

शून्याचा अर्थ मुलांनी आधी स्वतः शोधावा. राज्यघटनेच्या कलम ३४२ प्रमाणे अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपती राज्यवार जाहीर करतात. झारखंडच्या यादीत असलेले उरांव कुटुंब बांधकामाच्या कामावर मोहालीला आले, तर पंजाबात त्याला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळत नाही. दर्जा राज्याच्या सीमेवर थांबतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९९० साली स्पष्ट केले. एयरोसिटीतल्या इमारतीची वीट असे कुटुंब रचत असले, तरी तक्त्यातले शून्य शून्यच राहते. म्हणजे हा आकडा माणसांचा नाही, यादीचा आहे.

याद्यांची गंमत इथेच संपत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ब्रिटिशांनी प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू केला. त्यात अडकलेल्या सांसी आणि बौरिया लोकांची पंजाबातली आजची नोंद अनुसूचित जातींत आहे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून विमुक्त समाज तो दिवस मुक्तिदिन मानतो. महाराष्ट्रात सोलापूरला तारेच्या कुंपणाआड ठेवलेली माणसेही त्याच कायद्याखालची. आपल्याकडे फासेपारधी अनुसूचित जमातींत येतात. कैकाडी मात्र विदर्भात अनुसूचित जातीत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. एकाच राज्यात, एकाच समाजाचे दोन रकाने. हे सारे स्प्रेडशीटवर मांडायला आठवीच्या वर्गाला दोन तासिका पुरतात: एका स्तंभात समाज, पुढच्या स्तंभांत वेगवेगळी राज्ये, आणि प्रत्येक चौकटीत कोणती यादी. तक्ता भरत जातो तशी 'आदिवासी कोण' या प्रश्नाची सोपी उत्तरे गळत जातात.

शब्दांचाही एक पेच आहे. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी मूळच्या रहिवाशांच्या ('इंडिजिनस' लोकांच्या) हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण स्वातंत्र्यानंतर भारतातले सगळेच लोक इथले मूळचे आहेत, ही आपली भूमिका सोडली नाही. विरोधात मत देणारे देश चारच होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. म्हणजे ज्यांच्याकडे हा प्रश्न सर्वांत उघड, तेच. मराठीत 'मूलनिवासी' या शब्दाला चळवळीतला वेगळा अर्थ चिकटला आहे आणि 'वनवासी' हा शब्द अनेक आदिवासी संघटनांना मान्य नाही, त्यामुळे वर्गात 'आदिवासी' हाच शब्द बरा. घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनीही याच शब्दाचा आग्रह धरला होता.

हक्क ही अमूर्त गोष्ट. ती पडद्यावर दाखवायची तर सहसा कलमांची स्लाइड होते आणि वर्ग झोपतो. त्यापेक्षा नकाशा उघडावा. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचे राज्य, ही या गावाची घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणारे हे देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क ग्रामसभेच्या नावे झाला. तरीही बांबू कापून विकायला वाहतूक परवाना लागे आणि तो वन विभागाच्या हातात होता. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज. वन खात्याच्या जुन्या कायद्यात ते लाकूड. वाद या एका शब्दाचा होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

१,८०० हेक्टर म्हणजे किती, हे एयरोसिटीतल्या मुलाला सांगून कळत नाही. गूगल अर्थमध्ये मोजपट्टीचे साधन असते. चंडीगडचा एक ठरावीक सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब, म्हणजे एक चौरस किलोमीटरला थोडा कमी. त्यावर चौकट आखायची, मग मेंढ्याच्या जंगलापर्यंत जायचे आणि तशा किती चौकटी बसतात ते मोजायचे. उत्तर साधारण १९ येते. शे-सव्वाशे घरांचे गाव १९ सेक्टरांएवढे जंगल सांभाळते. एक सेक्टर पायी ओलांडताना लागणारा वेळ मुलांना पायांनी ठाऊक असतो, त्यामुळे हा आकडा लगेच अंगात भिनतो.

याच नकाशाला काळाची पट्टी असते. ती मागे ओढली की जुनी उपग्रहचित्रे दिसतात. एयरोसिटीवर ती मागे नेली की रस्ते, गोलाकार चौक, प्लॉट नाहीसे होतात आणि शेते उरतात. ही वसाहत ग्रेटर मोहाली एरिया डेव्हलपमेंट अथॉरिटीने शेतजमीन संपादित करून उभारली. इथे शिक्षकाने सावध राहावे. पंजाबी शेतकऱ्याची जमीन संपादित होणे आणि आदिवासींचे जंगल जाणे ही एकच गोष्ट नव्हे. पहिल्याच्या नावाचा सातबारा, म्हणजे तिकडची जमाबंदी, होती आणि मोबदला त्या कागदावर ठरला. दुसऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती, पण कागद नव्हता. कागदावर तो स्वतःच्याच रानात अतिक्रमणदार होता. वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेनेच याला ऐतिहासिक अन्याय म्हटले आहे.

तरी पंजाबात एक दुवा आहे आणि तो चांगला आहे: शामलात. गावाच्या सामाईक जमिनीला तिथे शामलात म्हणतात. चराई, तलाव, खळे यांसाठी ठेवलेली ही जमीन १९६१ च्या राज्य कायद्याने पंचायतीकडे गेली. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतलावावर बांधकाम झाले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात ते अतिक्रमण हटवण्याचा निकाल दिला आणि देशभरच्या सामाईक जमिनींबाबत राज्यांना आदेश दिले. ज्याच्या घरी 'शामलात' हा शब्द आजोबांच्या तोंडी आहे त्या मुलाला सामूहिक मालकी म्हणजे काय हे पुस्तकातून समजावण्याची गरज उरत नाही. महाराष्ट्रातल्या मुलाला गायरान सांगावे.

नकाशा पाहणे सोपे, करणे अवघड. वैयक्तिक वनहक्काच्या दाव्यात शेताची हद्द दाखवावी लागते. गुजरातेत नर्मदा जिल्ह्याच्या डेडियापाडा भागात गावकऱ्यांनी हातात जीपीएस यंत्र घेऊन आपापल्या तुकड्यांभोवती फेरी मारली आणि त्या रेषा उपग्रहचित्रावर बसवल्या. वर्गाला हे शाळेच्या मैदानावर करून पाहता येते. चुन्याने एक एकराचा चौरस आखायचा. त्याची बाजू ६४ मीटरच्या आसपास येते. चार गटांनी चार वेगवेगळे मोबाइल घेऊन त्याच्या कडेने चालायचे, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून अक्षांश-रेखांश नोंदवायचे आणि वर्गात येऊन ते नकाशावर टाकायचे. चार चौकोन एकमेकांवर बसत नाहीत. एखाद्याचा कोपरा कुंपणाबाहेर जातो, एखाद्याचा स्वच्छतागृहात शिरतो. साध्या मोबाइलच्या जीपीएसमध्ये उघड्या आकाशाखालीही पाचेक मीटरची चूक सहज होते, झाडीत जास्त. आता गणित: चारही बाजूंनी हद्द पाच मीटर आत सरकली तर ६४ मीटरची बाजू ५४ मीटर होते, आणि एकराचा जवळजवळ तीस टक्के भाग नाहीसा होतो. मैदानावर ही मजा वाटते. डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकवणाऱ्या माणसासाठी तो वर्षभराच्या दाण्यांचा हिशेब आहे.

कायदा करणाऱ्यांनाही हे पुढे ध्यानात आले. उपग्रहचित्रात शेत दिसत नाही, एवढ्या कारणावर दावे फेटाळले गेल्याच्या तक्रारी आल्या. २०१२ च्या दुरुस्तीने वनहक्क नियमांत स्पष्ट केले की उपग्रहचित्र आणि तत्सम तंत्रज्ञान इतर पुराव्याला पूरक असेल, त्याची जागा घेणार नाही. नियमांच्या पुराव्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, आणि शाळेच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची: दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकत. म्हाताऱ्याची आठवण हा पुरावा. इतिहासाच्या पुस्तकात तिला क्वचितच हा मान मिळतो.

त्यामुळे मोबाइलचा खरा उपयोग कॅमेऱ्यापेक्षा ध्वनिमुद्रणात आहे. मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या ज्येष्ठ माणसाला विचारावे: गावचा तलाव कुठे होता, गुरे कुठे चरत, कोणाला तिथे येऊ देत नसत? (शेवटचा प्रश्न टाळू नये, सामाईक जमीन सगळ्यांना सारखी सामाईक कधीच नव्हती. पंजाबात पंचायतीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा अनुसूचित जातींना खंडाने देण्याची तरतूद करावी लागली ती यामुळेच.) मग ते ऐकून जसेच्या तसे लिहावे, सांगणाऱ्याला वाचून दाखवावे, दुरुस्त करावे, सही किंवा अंगठा घ्यावा. वाचून दाखवण्याची पायरी मुले हटकून गाळतात. तिथेच सांगणारा म्हणतो, 'असं नव्हतं म्हटलं मी', आणि पुरावा म्हणजे काय ते मुलाला कळते.

ध्वनिमुद्रणाबरोबर मालकीचा प्रश्न येतो. वसाहतकाळात साहेबांनी आदिवासींना उभे करून छायाचित्रे काढली. १८६८ ते १८७५ या काळात निघालेले 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड अशा छायाचित्रांनी भरले आहेत. कोणाला विचारले, कोणाला प्रत दिली, हा प्रश्न तेव्हा कोणी केला नाही. आज स्मार्ट बोर्डवर 'जारवा' हे अंदमानातल्या जमातीचे नाव शोधले की पर्यटकांनी चालत्या गाडीतून घेतलेल्या चित्रफिती समोर येऊ शकतात. अंदमानच्या १९५६ च्या संरक्षण नियमावलीत २०१२ साली दुरुस्ती होऊन असे चित्रण हा शिक्षेस पात्र गुन्हा झाला. तेव्हा वर्गात ती चित्रफीत दाखवून 'हे चूक आहे' असे सांगणे हाही त्या चुकीतला सहभाग. न दाखवता, नियमावली वाचून चर्चा करावी. तीस मुलांपैकी निम्मी घरी जाऊन शोधतील हे खरे, पण निदान शाळेने दाखवले नाही.

ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना २००७ च्या सुमारास 'मुकुर्तू' ही संगणकप्रणाली आकाराला आली. तिच्यात प्रत्येक छायाचित्र, गाणे, नकाशा कोणी पाहायचा हे समाजाचे नियम ठरवतात: काही गोष्टी बायकांसाठीच, काही एका कुळासाठीच, काही मृताच्या नातलगांनी हो म्हटल्यावर. सगळे सगळ्यांना खुले असावे, ही इंटरनेटवर वाढलेल्या मुलांची समजूत इथे पहिल्यांदा अडखळते.

वारली चित्राचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे. शाळाशाळांच्या भिंतींवर त्रिकोणी माणसे गोल धरून नाचत असतात; पडदे, कप, मोबाइलची कव्हरे, सगळीकडे. डहाणू-तलासरीकडे मात्र लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघाट देवी असते, आणि धवलेरी ही पुरोहित स्त्री गाणी म्हणत लग्न लावते. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात हे चित्र कागदावर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. संगणकावर वारलीचा साचा उचलून शाळेच्या कार्यक्रमाची पाटी सजवणाऱ्या वर्गाने आधी एवढे शोधावे की त्यातला चौक कोणता आणि नुसती नक्षी कोणती. शोधूनही साचा वापरायचाच असेल तर तो कोणी काढला त्याचे नाव पाटीवर घालावे. एनसीईआरटीच्या आठवीच्या जुन्या पुस्तकातही नोंद होती की शाळेच्या कार्यक्रमांत आदिवासी म्हणजे रंगीत कपडे, शिरोभूषणे आणि नाच एवढेच दाखवले जाते. हल्ली चित्र बनवणाऱ्या कृत्रिम बुद्धीला 'आदिवासी' म्हटले की बऱ्याचदा तेच परत येते, पिसे थोडी जास्त.

एक तंत्र मात्र इथे उपयोगाचे नाही, आणि ते शिक्षकांचे लाडके आहे: झटपट मतदान. मोबाइलवर बटण दाबायचे, पडद्यावर २४ विरुद्ध ८ असे रंगीत खांब उभे राहतात, विषय संपला. मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीत जातो. निर्णयाची जागा ग्रामसभा आणि विषय समजून घेण्याची जागा अभ्यासगट, अशी गावाने विभागणी केली आहे. अभ्यासगटात बाहेरचा तज्ज्ञ चालतो, ग्रामसभेत नाही. वर्गाने हा प्रयोग करून पाहावा: मैदानाचा एक कोपरा कशासाठी ठेवायचा, एवढाच प्रश्न, आणि अट सर्वसहमतीची. पहिल्या तासिकेत भांडण होते. दुसऱ्या तासिकेत कोणीतरी 'आठ जणांना काय हवंय ते तरी ऐकू या' म्हणते. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १२ ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. या ठरावांचे वजन अशा प्रयोगानंतरच कळते.

दोन शाळांना व्हिडिओवर जोडणे हा पुढचा मोह. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी देशोदेशींचे वर्ग असे जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पण एयरोसिटीतला वर्ग आणि गडचिरोलीतली आश्रमशाळा यांच्यात एक बाजू फक्त बघणारी आणि दुसरी फक्त दिसणारी झाली तर 'द पीपल ऑफ इंडिया'चा नववा खंड निघतो. म्हणून प्रश्न दोन्हीकडून हवेत, आणि पहिला प्रश्न तिकडून: तुमच्या वसाहतीत ग्रामसभा असते का? नळाचे पाणी कुठून येते, आणि ते कोणाच्या गावचे? रेंज तुटत असेल तर आवाजी निरोप बरे. छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वर' हे २०१० मध्ये सुरू झालेले माध्यम साध्या फोनवरच चालले: माणूस क्रमांक फिरवून आपल्या बोलीत तक्रार सांगतो, आणि दुसरा फोनवरूनच ती ऐकतो. शेवटी निरोपांची एक प्रत दुसऱ्या शाळेकडेही राहावी, आणि मुलांचे आवाज साठवण्याआधी पालकांची संमती घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

भाषेचे काम सर्वांत मागे पडलेले आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख नोंदले गेले, तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. आदिवासी भाषांपैकी संथाळी आणि बोडो या दोनच तिथे आहेत, त्याही २००३ च्या घटनादुरुस्तीने. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन आणले. संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी यांपासून त्याची सुरुवात झाली. अशा यंत्राचे भाषांतर त्या भाषेच्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय वर्गात वापरू नये. गडचिरोलीची गोंडी आणि आदिलाबादची गोंडी सारखी नाही, आणि यंत्राला कोणती शिकवली आहे ते पडद्यावरून दिसत नाही.

महाराष्ट्रात गोंडी बहुतेक देवनागरीत लिहिली जाते. तिच्या स्वतःच्या लिप्याही आहेत: मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली मसराम लिपी, आणि तेलंगणात आदिलाबादकडच्या गुंजाला गावातल्या हस्तलिखितांतून पुढे आलेली गुंजाला लिपी. युनिकोडमध्ये पहिली २०१७ साली आली, दुसरी २०१८ साली. तरीही नव्या स्मार्ट बोर्डवर या लिप्यांतला गोंडी मजकूर उघडला तर अनेकदा अक्षरांऐवजी एकसारखे रिकामे चौकोन दिसतात, कारण फॉन्ट घातलेला नसतो. नोटो मालिकेतले दोन्ही लिप्यांचे फॉन्ट फुकट उतरवता येतात. ते घालायला दहा मिनिटे लागतात, पण धडा सुरू होण्याआधी हे काम शिक्षकाने करायचे नाही. रिकामे चौकोन आधी वर्गाला दिसू द्यावेत, आणि फॉन्ट मुलांनी घालावा.